दाराजवळचं मैदान

कुठल्याही नगरपालिकेत भिंतीवर लावलेला विकास आराखडा बघा. त्यात हिरव्या रंगाचे तुकडे असतात आणि प्रत्येकावर आरक्षणाचा क्रमांक. खेळाचे मैदान, बगीचा, प्राथमिक शाळा व क्रीडांगण. नुसता नकाशा पाहिला तर या गावात पोरांची चंगळ असणार असंच वाटेल. प्रत्यक्ष त्या जागेवर गेलं की कुठे पत्र्याचं कुंपण, कुठे भंगाराचं दुकान, कुठे टेम्पोंचं पार्किंग. काही ठिकाणी तर चार मजले उभे राहून लोक राहायलाही आलेले असतात.

यातला काही भाग बेकायदा असेल, पण काही अगदी कायदेशीर आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याच्या कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत पालिकेने आरक्षित जागा संपादित केली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत की आरक्षण व्यपगत होतं. मालकाच्या बाजूने पाहिलं तर हे रास्तच आहे. कुणाची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? पण पालिकेच्या तिजोरीत रस्ते, पाणी, पगार यांच्यानंतर मैदानाचा नंबर लागतो. ज्या पोरासाठी ते आखलं होतं ते तोवर बारावीला बसलेलं असतं.

मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना सोडाव्या लागणाऱ्या दहा टक्के 'ओपन स्पेस'चीही तीच गत. आधी तिथे गवत वाढतं, मग एक पत्र्याची शेड येते, मग सभामंडप. आणि जिथे खरोखर बाग होते तिथे कंपाउंड, गेट, उघडण्याच्या वेळा आणि मनाईंचा फलक. चेंडू खेळू नये, हिरवळीवर चालू नये, झोपाळ्यावर मोठ्यांनी बसू नये. (शेवटची सूचना तेवढी मला मान्य आहे.) मुलांसाठी म्हणून आपण काय करतो, तर त्यांना एका कुंपणात घालतो आणि उरलेलं गाव मोठ्यांच्या गाड्यांना देऊन टाकतो. माझा आक्षेप मैदानांच्या संख्येपेक्षा या वाटणीला आहे.

ही वाटणी एका शहराने मोडून दाखवली, आणि तेही हातात पैसा नसताना. दुसऱ्या महायुद्धातून अॅमस्टरडॅम बाहेर पडलं तेव्हा शहराला ठिकठिकाणी खिंडारं पडली होती. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात लोकांनी जळणासाठी रिकाम्या घरांची दारं, जिने, तुळया काढून नेल्या होत्या. छळछावण्यांकडे नेलेल्या ज्यू कुटुंबांची ती घरं नंतर ढासळली. घरांची टंचाई, पैशांची टंचाई आणि गल्लीगल्लीत मोकळे, भकास तुकडे. युद्धापूर्वी शहरात खेळायच्या जागा होत्या, पण बऱ्याचशा संस्थांच्या, कुंपणातल्या, सभासदांच्या मुलांपुरत्या.

महापालिकेच्या नगररचना विभागात याकोबा मुल्डर नावाच्या अधिकारी होत्या. प्रत्येक वस्तीला खेळायची स्वतःची सार्वजनिक जागा असावी, असं त्यांनी मनावर घेतलं. काम सोपवलं विभागातल्या एका तरुण वास्तुरचनाकारावर, आल्डो व्हान आयकवर. १९४७ साली बेर्टेलमनप्लाइन या छोट्या चौकात पहिली जागा तयार झाली. एक वाळूचा हौद, काही गोल ठोकळे, उलट्या कोलांट्या मारायला लोखंडी दांड्या, कडेने झाडं आणि बाक. बस्स.

त्या हौदाचा कठडा मात्र नीट पाहण्यासारखा. काँक्रीटचा, बुटका आणि चांगला रुंद. दोन वर्षांच्या पोराला त्यावर वाळूच्या भाकऱ्या थापता येतात. सहा वर्षांचं त्यावरून धावतं, उड्या मारतं. आई किंवा आजी त्याच्यावरच टेकते. एकाच वस्तूत तीन वयांची सोय, आणि मोडण्यासारखं काहीच नाही. व्हान आयकने हत्ती, जिराफ, किल्ले असले आकार टाळले. कमान असेल तर कमानच; तिची गुहा करायची की दुकान, हे मुलांनी ठरवावं. आपल्याकडच्या फायबरच्या डॉल्फिनवर मुलं बसतात, फोटो निघतो, खेळ संपतो.

पहिली जागा झाल्यावर दुसऱ्या वस्त्यांतून पालिकेला पत्रं येऊ लागली: आमच्याही कोपऱ्यावर रिकामी जागा आहे. अधिकारी जाऊन पाहायचे, जागेच्या आकाराप्रमाणे तेच साहित्य वेगवेगळं मांडलं जायचं. दोन इमारतींमधली फट, चौकाचा कोपरा, रुंद फूटपाथ, काहीही चालायचं. बहुतेक ठिकाणी कुंपण नव्हतं. १९७८ पर्यंत अशा सातशेहून अधिक जागा झाल्या. त्यांतल्या पुष्कळशा पुढे बांधकामांनी गिळल्या, हेही खरं. पण निदान दोन पिढ्या दारासमोर खेळून मोठ्या झाल्या.

या जागा वाढत होत्या तशा गाड्याही वाढत होत्या. १९७१ या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. विक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहान मुलगी अशाच अपघातात गेली होती. त्याने 'बालहत्या थांबवा' अशा मथळ्याखाली जळजळीत लेख लिहिला आणि तेच पुढे चळवळीचं नाव झालं: स्टॉप दे किंडरमोर्ड. आईबाप आणि मुलं रस्त्यावर बसली. दे पेप या दाटीवाटीच्या भागातल्या मुलांनी आपली गल्ली खेळासाठी बंद पाडली; मोठे चालक गाडीतून उतरून त्यांच्याशी हुज्जत घालत होते. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने रविवारी खासगी गाड्यांना बंदी घातली, तेव्हा रिकामा रस्ता कसा दिसतो हे सगळ्या देशालाच कळलं.

१९७६ साली 'वोनेर्फ'ला कायद्याची मान्यता मिळाली. वस्तीतला असा रस्ता, जिथे पायी चालणाऱ्याने पूर्ण रुंदी वापरावी, मुलांनी खेळावं आणि गाडीने माणसाच्या चालीने जावं. मधे झाडाचं आळं, बाक, वळण अशी मांडणी असते, त्यामुळे वेग पाटीवर लिहावा लागत नाही, आपसूकच उतरतो. यासोबत सायकलमार्ग, वेगमर्यादा, चौकांची फेररचना हे सारं आलं. २०१० पर्यंत वर्षाला रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या विसाच्या आत आली. आज डच म्हणजे जन्मजात सायकलवेडे असं आपण सहज म्हणून जातो. ही सगळी भांडून मिळवलेली गोष्ट आहे.

स्पेनमधल्या पोंतेवेद्राने पुढचं पाऊल टाकलं. वस्ती ऐंशी हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी. १९९९ पासून तिथल्या महापौरांनी गावाच्या मध्यातून गाड्या जवळजवळ हद्दपार केल्या. तिथली बरीच मुलं शाळेत पायी जातात, आणि वाटेवरचे दुकानदारही त्यांच्यावर नजर ठेवतात. आपल्याकडे हे काम कोपऱ्यावरचा वाणी पूर्वी न सांगता करायचा. आता पोर व्हॅनमधून थेट शाळेच्या फाटकात उतरतं, त्याला ओळखणार कोण?

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. एसटी स्थानकांतले हिरकणी कक्ष ही कल्पना मुळात उत्तम. कुलूप नसेल तिथे तान्ह्याच्या आईला खरंच आधार होतो. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद झाले, तिथे बसायला कट्टे आणि मुलांना खेळायला साधनं आली. संध्याकाळी तिथे जाऊन पाहा, बागेपेक्षा गर्दी असते. लक्ष्मी रस्त्याचा एक भाग २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिनासाठी गाड्यांना बंद ठेवतात. 'अर्बन ९५' या उपक्रमातही पुणे सहभागी झालं. ९५ सेंटिमीटर ही तीन वर्षांच्या निरोगी मुलाची सरासरी उंची. तेवढ्या उंचीवरून शहर पाहायचं, ही त्यामागची कल्पना. त्या उंचीवरून दुचाकीचा सायलेन्सर बरोबर तोंडासमोर येतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेनुसार फूटपाथची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी पट्टी असावी. आपले फूटपाथ बऱ्याच ठिकाणी फूटभर उंच, मधे विजेची डीपी, पुढे पाणीपुरीची गाडी, त्यापुढे कुणाच्या बंगल्यात शिरणारा उतार. कडेवर मूल आणि हातात पिशवी असलेली बाई मग खाली रस्त्यावरूनच चालते, आणि मागून येणारा हॉर्न वाजवतो. आरक्षणाचं मैदान ताब्यात यायला करोडो लागतील, पण कड कमी करायला आणि डीपी सरकवायला तेवढे लागत नाहीत.

पुणे महापालिका दरवर्षी अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली छोटी कामं सुचवून घेते. फूटपाथ, बाक, दिवे असे अर्ज येतात. समजा, एखाद्या गल्लीने लिहिलं, 'आमच्या कोपऱ्यावरच्या रिकाम्या तुकड्यात वाळूचा हौद करावा, कठडा रुंद ठेवावा, कुंपण नको.' उद्यान विभाग म्हणेल ही जागा रस्त्याची, पथ विभाग म्हणेल वाळू आमच्याकडे येत नाही, आणि लेखा विभाग विचारेल, हे कोणत्या शीर्षाखाली टाकायचं? तरी एकेका प्रभागातून असे वीस-पंचवीस अर्ज गेले, तर शीर्ष तयार करावं लागेल.