अतींद्रिय हेरगिरीचा हिशेब

1995 साली अमेरिकेच्या सीआयएने एक विचित्र झाडाझडती करवून घेतली. बंद खोलीत बसून हजारो मैलांवरचा रशियन तळ ‘दिसतो’ म्हणणाऱ्या माणसांवर 1972 पासून सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले होते. प्रकल्पाचं शेवटचं नाव ‘स्टारगेट’. निवाड्याला दोघे बसले: संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स आणि मानसशास्त्रज्ञ रे हायमन.

प्रयोगात दुसरीकडे ठेवलेल्या चित्राचं वर्णन द्रष्ट्यानं करायचं आणि परीक्षकानं ते पाच चित्रांशी ताडून पाहायचं. नुसत्या नशिबानं पाचात एकदा जमावं. जमत होतं त्याहून जास्त. अट्स म्हणाल्या, हा योगायोग नव्हे. हायमन आकड्यांशी भांडले नाहीत. त्यांनी विचारलं, ताडून पाहतो कोण? नंतरच्या प्रयोगांत तो एकच माणूस होता, आणि तोच प्रकल्पाचा प्रमुख! प्रत्यक्ष हेरगिरीत तर वर्णनं इतकी मोघम, की त्यांच्या भरवशावर एकही मोहीम आखली गेली नव्हती. प्रकल्प गुंडाळला गेला.

पुण्याची 2008 मधली फलज्योतिषाची चाचणी मला याहून काटेकोर वाटते. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला 40 कुंडल्या. उत्तर फक्त हुशार की मतिमंद. मागाहून अर्थ लावायला जागाच ठेवली नाही. 27 जणांनी उत्तरं पाठवली, 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी 50 आली असती.



निमोणे गावात, किंबहुना शिरूर तालुक्यात कुठेही, हायमन यांचा ‘ताडून पाहतो कोण?’ हा प्रश्न जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या पाणाड्यालाही विचारता येईल. इथल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं, त्यामुळे डोळे मिटून बोअर मारली तरी काही ठिकाणी लागतंच. पाणी लागलं की पाणाड्याचं नाव गावभर होतं. कोरडी गेली की नशीब शेतकऱ्याचं. पुढच्या बोअरआधी किती फुटांवर, किती इंची पाणी, हे पाणाड्याकडून लिहून घ्या आणि तारीख टाकून वही ग्रामपंचायतीत ठेवा. कोरड्या गेलेल्या बोअरही तीत लिहा, आणि पाणाड्याला न विचारता घेतलेल्यासुद्धा.