पंखांखालचा पांढरा पट्टा

उडत्या शिकारी पक्ष्यांची छायाचित्रे घ्यायला शिकायचे, तर पहिली गुरू घार! ती आपल्या गच्चीवरूनही दिसते. सेकंदाच्या १/२००० भागाइतकाच वेळ कॅमेऱ्याचा पडदा उघडावा, पक्ष्याबरोबर कॅमेरा संथपणे फिरवावा, आणि उजळ आकाशापुढे पक्षी काळा पडू नये म्हणून प्रकाश थोडा अधिक द्यावा. एवढे साधले, की गिधाडांकडे वळावे.

ऊन तापून हवा वर चढू लागली, की रायगड जिल्ह्यातल्या डोंगरांवर ती पंख न हलवता घिरट्या घालतात. पांढऱ्या पाठीच्या प्रौढ गिधाडाच्या पंखांखाली पुढच्या बाजूला पांढरा पट्टा असतो. कोवळ्या वयाच्या पक्ष्याला तो नसतो. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचे मढे खाऊन १९९० नंतर ही जात देशातून जवळजवळ नाहीशी झाली. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली.

म्हणून घरी आल्यावर प्रत्येक चित्रात मी आधी पंखांखाली पाहतो. या जातीचे, पण पट्टा नसलेले एक जरी गिधाड सापडले, तर वाचकहो, माझी दिवाळी तिथेच साजरी होते. कुठल्यातरी उंच झाडावरचे एक घरटे फळाला आलेले असते!