पदक छातीवर, नोंद कुठे?

माजी सैनिकांची कागदपत्रं : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण पीपीओमधली, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डरमधली, नावाची आणि जन्मतारखेची चूक कशी दुरुस्त करून घ्यायची ते पाहिलं. आज घरातल्या ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक उघडू या. त्यात सैनिकाला मिळालेल्या पदकांची नोंद असते. युद्धावर जाऊन आलेल्या एखाद्या सैनिकाच्या पुस्तकात ती अपुरी असते, तर एखाद्याच्या पुस्तकात ती जागा कोरीच असते.

कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे, कामोठे या भागांत सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. त्यातल्या कित्येक घरांत एखादा तरी फौजी होऊन गेला आहे. वडील किंवा आजोबा पलटणीत होते, हे घरात सर्वांना माहीत असतं. पण कोणत्या युनिटमध्ये, कोणत्या महिन्यात, कोणत्या आघाडीवर होते, हे सांगू शकणारा माणूस आता पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. म्हणून हा विषय पुढे ढकलण्यासारखा नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करू या. राहून गेलेल्या पदकाची नोंद मागणं म्हणजे कुणाकडे मेहेरबानी मागणं नव्हे. सैनिक अमुक तारखेला अमुक ठिकाणी होता हे एक कागद सांगतो. त्या काळात त्या ठिकाणी असलेल्यांना अमुक पदक लागू आहे हे दुसरा कागद सांगतो. दोन्ही कागद सरकारचेच आहेत. आपल्याला ते एकमेकांशेजारी ठेवायचे आहेत.

दोन प्रकारची पदकं

पहिला प्रकार शौर्यपदकांचा. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही पदकं २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानली गेली. सेना, नौसेना आणि वायुसेना पदकं १९६० मधली. शौर्यपदक त्या एका माणसाच्या त्या एका कामगिरीसाठी असतं. त्याची शिफारस होते, वरच्या पातळ्यांवर छाननी होते, राष्ट्रपतींची मान्यता मिळते आणि भारताच्या राजपत्रात नाव छापलं जातं. १९७१ च्या युद्धात १५ मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई पांडुरंग साळुंखे यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, ते याच वाटेनं.

दुसरा प्रकार मोहिमेच्या आणि सेवेच्या पदकांचा. ती ठरावीक काळात, ठरावीक क्षेत्रात कर्तव्यावर असलेल्या प्रत्येकाची असतात. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल; १९७१ साठी पूर्वेकडे पूर्वी स्टार, पश्चिमेकडे पश्चिमी स्टार आणि त्यांच्यासोबत संग्राम मेडल; कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. शिवाय सैन्य सेवा मेडल आणि त्यावरचे प्रदेशवार क्लास्प, सियाचीन ग्लेशियर मेडल, हाय अल्टिट्यूड मेडल, ९ आणि २० वर्षांच्या सेवेची पदकं. इथे शिफारस लागत नाही, पात्रता लागते.

रेकॉर्ड दुरुस्तीचा मार्ग मुख्यतः या दुसऱ्या प्रकारासाठी आहे. शौर्यपदकाच्या बाबतीत राजपत्रात नाव असूनही शीट रोलमध्ये, म्हणजे सैनिकाच्या सेवेच्या नोंदपत्रात, ओळ नसेल, तर ती घालून घेता येते. पण कमांडिंग ऑफिसरनं शिफारस केली होती आणि पदक जाहीर झालं नाही, अशा प्रकरणात नोंद दुरुस्तीच्या अर्जानं पदक मिळत नाही. अनेक कुटुंबं या एका गैरसमजात वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहतात.

मान्यता आणि नोंद या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मुरलीकांत पेटकर यांच्या आयुष्याकडे पाहिलं की समजतं. पेठ इस्लामपूरचे पेटकर ईएमई या सैन्याच्या यांत्रिकी दलाचे जवान. १९६५ च्या युद्धात ते गंभीर जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. त्यांचा विजय नोंदलेला होता, दखल घ्यायला देशाला ४६ वर्षं लागली. आपल्या विषयात उलट आहे: देशानं दखल घेतलेली आहे, पदक ठरवलेलं आहे, फक्त त्या माणसाच्या नावापुढे ते लिहिलं गेलेलं नाही. ही उणीव भरून काढणं तुलनेनं सोपं आहे.

नोंद होते कशी आणि सुटते कुठे

गावाकडची जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. सैनिकाचा शीट रोल म्हणजे त्याचा सातबारा आणि युनिटची पार्ट टू ऑर्डर म्हणजे फेरफार. बदली, बढती, रजा, लग्न, मुलाचा जन्म, जखम, पदक, प्रत्येक घटनेची पार्ट टू ऑर्डर युनिट काढतं. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिच्या आधारावर शीट रोलमध्ये नोंद होते. निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुक बनतं ते या शीट रोलवरून. म्हणजे पार्ट टू ऑर्डर निघालीच नाही, तर पुढच्या सगळ्या कागदांत पदक येणार नाही.

ती न निघण्याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण काळाचं. पदक बहुतेक वेळा युद्धानंतर ठरतं. १९६५ च्या युद्धाची पदकं २६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झाली. जो सैनिक १९६६ मध्येच घरी आला, त्याचं डिस्चार्ज बुक पदक अस्तित्वात येण्याआधीच लिहून झालं होतं. ती जागा कोरी राहिली यात कुणाचाच दोष नव्हता. पण नंतर कुणी मागणी केली नाही तर ती कोरीच राहते.

दुसरं कारण अटॅचमेंटचं. माणूस आपल्या पलटणीच्या पटावर असतो आणि प्रत्यक्षात दुसऱ्या तुकडीबरोबर काम करतो. ईएमईचा मेकॅनिक तोफखान्याबरोबर जातो, सिग्नलचा जवान ब्रिगेड मुख्यालयात असतो. पदकासाठी नावं पाठवताना मूळ युनिट समजतं की दुसरी तुकडी पाठवेल आणि ती तुकडी समजते की मूळ युनिट पाठवेल.

तिसरं कारण नावाचं आणि नंबरचं. एकाच कंपनीत तीन पाटील, दोन जाधव. आर्मी नंबरातला एक आकडा चुकला तरी पदक दुसऱ्याच्या शीटवर चढतं.

चौथं कारण दोन नोकऱ्यांचं. पलटणीतून निवृत्त होऊन डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये गेलेल्यांचं दुसऱ्या सेवेचं रेकॉर्ड केरळमधल्या कन्नूरला असतं. पहिल्या सेवेतली पदकं पहिल्या रेकॉर्ड ऑफिसात शोधावी लागतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

नोंदीनं काय बदलतं

मोहिमेच्या पदकाबरोबर पैसे येत नाहीत, मग एवढी धडपड कशासाठी, असा प्रश्न घरातली तरुण मुलं विचारतात. त्यांना उत्तर द्यायला हवं.

संरक्षण दलांतल्या पाल्यांसाठी शिक्षणातल्या प्रवेशाचा जो प्राधान्यक्रम आहे, त्यात पाचवा क्रम शौर्यपुरस्कार मिळालेल्या सैनिकांच्या मुलांचा आहे आणि त्यात मेन्शन इन डिस्पॅचेसही धरलं जातं. हा सन्मान वेगळं पदक म्हणून मिळत नाही. मोहिमेच्या पदकाच्या फितीवर कमळाच्या पानाचं छोटं चिन्ह लावलं जातं. म्हणून घरच्यांना तो शौर्यसन्मान आहे हेच अनेकदा ठाऊक नसतं. मुलीनं प्रवेश अर्ज भरला आणि वडिलांच्या कागदात ही ओळ नसली, तर तिचा क्रम खाली जातो.

जखमेचं तसंच. युद्धात जखमी झालेल्याला मिळणारं पदक बॅटल कॅज्युअल्टीच्या नोंदीवर उभं असतं. अपंगत्वाच्या पेन्शनमध्ये, ती जखम शत्रूच्या कारवाईतली की साधी, या प्रश्नावर याच नोंदीनं निर्णय फिरतो. पदकाची ओळ शोधताना ही नोंद नाही असं आढळलं, तर ती बाब पदकाहून मोठी समजून आधी हाती घ्यावी.

आणि या लाभांपलीकडे साधं सत्य असतं. तो माणूस तिथे होता. देशाच्या कागदावर ते लिहिलेलं असणं हा त्याचा हक्क आहे.

अर्ज कुठे आणि कसा

रेकॉर्ड ऑफिस राहत्या पत्त्यावरून ठरत नाही, रेजिमेंटवरून ठरतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, ईएमईचं सिकंदराबादला, सिग्नलचं जबलपूरला. हवाई दलाच्या जवानांचं दिल्लीत सुब्रोतो पार्कला. आणि नौदलाच्या नाविकांसाठी नवी मुंबईकरांना खाडीचा पूल ओलांडला की मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये कमोडोर, ब्युरो ऑफ सेलर्स यांचं कार्यालय. १९७१ मध्ये विक्रांतवरून चितगाव आणि कॉक्स बझारवर विमानं झेपावली. ते जहाज २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडायला घेतलं गेलं. त्यावरच्या नाविकांच्या सेवेचा हिशेब मात्र मानखुर्दला विचारता येतो.

अर्ज एका पानाचा असावा. नंबर, रँक, नाव डिस्चार्ज बुकात आहे तसंच. भरती आणि निवृत्तीच्या तारखा. मोहिमेच्या काळातलं युनिट आणि ठिकाण. कोणतं पदक आणि कोणता क्लास्प मागता आहात त्याचं नेमकं नाव. सोबत डिस्चार्ज बुकच्या सर्व पानांच्या साक्षांकित प्रती, पीपीओ, ओळखपत्र आणि त्या काळातले असतील ते कागद: हालचालीचा हुकूम, लष्करी रुग्णालयाची डिस्चार्ज स्लिप, जखमी झाल्याची घरी आलेली तार, फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेलं पत्र. गणवेशातला फोटो जोडावा, पण एकट्या फोटोवर विसंबू नये. शौर्यपदक असेल तर राजपत्रातली अधिसूचना. ती भाग १, विभाग १ मध्ये छापली जाते आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्यपुरस्कारांच्या संकेतस्थळावरही नावं शोधता येतात.

अर्जावर सही शक्यतो सैनिकाचीच असावी. ते हयात नसतील तर पत्नीची किंवा कायदेशीर वारसाची, नात्याच्या पुराव्यासह. पत्र स्पीड पोस्टानं किंवा जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यामार्फत पाठवावं. इथे नवी मुंबईत एक घोळ हमखास होतो. ऐरोली ते बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात, त्याचं कार्यालय ठाण्याला. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात, त्यांचं कार्यालय अलिबागला. बेलापूरचा माणूस अलिबागला गेला तर दिवस वाया जातो.

एक इशारा. बाजारात पदकांच्या नकला मिळतात. त्या विकत घेऊन फ्रेम करून लावल्यानं नोंद होत नाही. हरवलेल्या पदकाची दुसरी प्रत मागणं ही वेगळी प्रक्रिया आहे आणि तिच्यासाठीही आधी नोंद असावी लागते.

कागद नष्ट झाले असतील तर

ज्यांना पेन्शन नाही अशा सैनिकांचे सेवा-दस्तऐवज सैन्याच्या नियमानुसार २५ वर्षं ठेवले जातात, मग नष्ट केले जातात. १९७१ लढून १९७६ मध्ये पेन्शनविना घरी आलेल्या जवानाचा शीट रोल २००१ नंतर सापडेलच असं नाही. त्यानंतरही लाँग रोल नावाची नोंदवही कायम राहते. तिच्यात नंबर, नाव, भरती आणि सुटकेच्या तारखा मिळतात. म्हणून ‘रेकॉर्ड नष्ट’ असं उत्तर आलं तर लाँग रोलचा उतारा मागावा.

यानंतर माणसाच्या कागदाऐवजी युनिटच्या कागदाकडे वळायचं. सैन्याच्या युनिटची वॉर डायरी असते, नौदलात लेटर्स ऑफ प्रोसीडिंग्ज, हवाई दलात ऑपरेशनल रेकॉर्ड बुक. ही कागदपत्रं संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे जातात आणि २०२१ च्या धोरणानुसार साधारण २५ वर्षांनंतर ती खुली करायची आहेत. डिस्चार्ज बुकावरून युनिट कळलं आणि वॉर डायरीतून युनिट कुठे होतं ते कळलं की पात्रता उभी राहते.

अमेरिकेत हे फार मोठ्या प्रमाणावर करावं लागलं. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. त्यानंतर पगाराची व्हाउचरं आणि इतर खात्यांतले कागद जुळवून माजी सैनिकांची सेवा पुन्हा सिद्ध करून दिली जाऊ लागली. मूळ फाइल गेली म्हणून सेवा गेली असं तिथे कुणी मानलं नाही. आपणही मानू नये.

उत्तर आलं नाही, किंवा नकार आला

वाट पाहून उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली त्याच रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. शीट रोलची प्रत, पदकांसंबंधीच्या पार्ट टू ऑर्डर आणि आपल्या पत्रावर झालेली कार्यवाही, एवढंच मागावं. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. माझ्या मते यात मिळालेली शीट रोलची प्रत हाच सर्वांत मोठा लाभ, कारण नोंद नेमकी कुठे तुटली ते तिच्यात दिसतं.

लेखी नकार आला आणि तो पटला नाही, तर सेवाविषयक तक्रारींसाठी २००७ च्या कायद्यानं स्थापन झालेलं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे आणि त्याचं एक पीठ मुंबईत आहे. तिथे जाण्याआधी खात्यातली तक्रारीची वाट पूर्ण केलेली असावी आणि अंतिम उत्तरापासून ६ महिन्यांत दाद मागावी. उशिराचं सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. पण बहुतेक प्रकरणांत इतकं लांब जाण्याची गरज नसते. नेमका अर्ज, नेमकं पदक, नेमका पुरावा असला की काम टेबलावरच होऊ शकतं.

तेव्हा या रविवारी घरातलं डिस्चार्ज बुक बाहेर काढा. वडील-आजोबा असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि युनिट, ठिकाण, महिना, सोबत्यांची नावं लिहून घ्या, त्यांची सही घ्या. सरकारी कागदाची प्रत उद्याही मागता येईल. कोणता कागद मागायचा हे सांगणारी आठवण फक्त त्यांच्याकडे आहे.

पुढील लेखांकात : वीरपत्नीचं नाव सेवा-दस्तऐवजात नसेल तर कौटुंबिक पेन्शनसाठी काय करावं.