फवारणीआधी भिंग घ्या

नारळ पनवेलमधल्या जुन्या वाडीतला असो की सोसायटीच्या कुंपणालगतचा, त्याची खालची झावळी उलटून पाहा. पातीच्या पाठीवर पांढऱ्या मेणाच्या गोलगोल रेघा दिसल्या, तर ती रुगोज चक्राकार पांढऱ्या माशीने अंडी घातल्याची खूण समजावी.

ही कीड मूळची मध्य अमेरिकेतली. २००४ मध्ये बेलीझमधल्या नमुन्यांवरून तिचे शास्त्रीय वर्णन झाले. २००९ मध्ये ती फ्लोरिडात सापडली, २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीत आणि केरळातल्या पालक्काडमध्ये. पुढच्या काही वर्षांत तिने कोकणही गाठले. माशी जेमतेम अडीच मिलिमीटरची आणि उडायला सुस्त. रोपांच्या वाहतुकीने तिचे काम सोपे केले.

पिल्ले पातीला चिकटून रस शोषतात. त्यांच्या शरीरातून पडणारा गोड, चिकट द्राव खालच्या केळीवर, झाडाखाली लावलेल्या गाडीवर ठिबकतो. त्यावर काळी बुरशी चढते, पाने काजळी धरतात आणि त्यांची अन्न तयार करण्याची क्षमता घटते. हे पाहून घाबरलेले लोक थेट रासायनिक फवारणी करतात आणि तिथेच घात होतो.

कारण या किडीचा वैरीही भारतात आहे. एन्कार्सिया ग्वाडेलूपे ही मिलिमीटरहून लहान परोपजीवी गांधीलमाशी पिल्लाच्या शरीरात अंडे घालते. तिची अळी त्याला आतून खाते. भिंगातून पिल्लाची रिकामी कातडी पाहा. पांढरी माशी बाहेर पडली असेल, तर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर दिसते. गांधीलमाशी पडली असेल, तर गोल भोक. भोके दिसत असतील, तर तुमच्या झाडावर राखणदार कामाला लागले आहेत. कीटकनाशकाने आधी तेच मरतात.

किडीवर तिचाच वैरी वापरण्याचा उपाय नवा नाही. २००८ मध्ये कोइम्बतूरला सापडलेला पपईवरचा पिठ्या ढेकूण सागावरही पसरला होता. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून आणलेल्या परोपजीवी कीटकांनी त्याला आवर घातला.

म्हणून रासायनिक औषध टाळा. पातीच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारा, पिवळे चिकट सापळे लावा; प्रादुर्भाव जास्तच असेल, तर कडुनिंबाचे तेल वापरा. आणि नर्सरीतून रोप घेताना पैसे देण्याआधी प्रत्येक पान उलटून पाहा.