यंत्राचा हिशेब आणि अण्णांचा अंदाज

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या चुकांवर लेख लिहावा, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. पण ज्या चुकीबद्दल मी लिहिणार आहे ती माझ्या घरच्याच हिशेबात घडली. शिवाय ती शोधताना जे कळले ते यंत्रापुरतेच नाही, असे मला वाटते. म्हणून हे धाडस करीत आहे.

आमचे गाव धारूर तालुक्यात आहे. दसरा-दिवाळीनंतर माय आणि अण्णा ऊसतोडीला जातात, ते पाडव्याच्या सुमारास परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हंगामभरच्या मजुरीतून ती फेडायची. वर उरले तर आपले, कमी पडले तर पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच, त्यामुळे पंधरवड्याच्या पावत्यांचा हिशेब माझ्याकडे असतो.

गेल्या वर्षी महाविद्यालयात जोड अभ्यासक्रम म्हणून 'सी' ही संगणकभाषा शिकायला मिळाली. आपण लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या दुभाष्याला कंपायलर म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत टर्बो सी होता. अमेरिकेतील बोरलँड कंपनीने एमएस-डॉसच्या काळात, १९९० च्या आगेमागे, काढलेला हा कंपायलर आजच्या संगणकावर डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रॅमच्या आधाराने चालवावा लागतो. त्यावर मी पहिला उपयोगी प्रोग्रॅम लिहिला: सहा पंधरवड्यांची मजुरी घ्यायची आणि बेरीज दाखवायची. पावत्यांवरचे आकडे असे होते: १२,६००, १३,१५०, १२,४००, ११,९००, १३,०५० आणि ११,९००.

यंत्राने उत्तर दिले, ९,४६४.

उचल ७०,००० रुपयांची होती. म्हणजे हंगामभर राबूनही आमच्या अंगावर ६०,५३६ रुपये राहिले! यंत्र चुकत नाही अशी माझी समजूत, त्यामुळे मी रडवेली होऊन घरी आले आणि अण्णांना आकडा सांगितला. त्यांना अक्षरओळख नाही. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पैल्या पंधरवड्यातच ह्याच्यापेक्षा जास्त झालं व्हतं की गं. मग सहांचं मिळून कमी कसं झालं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. हाताने बेरीज केली, ती ७५,००० आली. उचल फिटून ५,००० रुपये आमचेच निघत होते.

दुसऱ्या दिवशी तोच प्रोग्रॅम मी विज्ञान शाखेच्या मैत्रिणीकडे नेला. तिच्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली आणि जीसीसी हा कंपायलर होता. तिथे तर प्रोग्रॅम सुरूच होईना. 'कोनिओ डॉट एच' नावाची फाइल सापडत नाही, अशी तक्रार आली. ती ओळ काढली, तेव्हा पडदा पुसण्याच्या आणि कळ दाबेपर्यंत थांबण्याच्या आज्ञा ओळखीच्या नाहीत, असे यंत्र म्हणाले. मला वाटले, माझे लिहिणेच चुकले. प्रत्यक्षात ती फाइल आणि त्या आज्ञा सी भाषेच्या प्रमाण नियमांत मुळी नाहीतच. त्या डॉसच्या घरच्या होत्या, आणि मी त्यांना भाषेचे व्याकरण समजून बसले होते. आपल्या गावचा शब्द सगळीकडे चालेल असे धरून बोलावे, तसेच हे झाले.

त्या आज्ञा काढल्यावर प्रोग्रॅम चालला आणि उत्तर आले, ७५,०००. नवल असे की, ज्या यंत्राने एकही तक्रार केली नव्हती त्याचे उत्तर खोटे होते, आणि ज्याने पावलोपावली अडवले त्याचे खरे.

मग फरक कुठे पडला? सरांनी एक साधा उपाय सांगितला: शेवटचीच बेरीज पाहू नकोस, प्रत्येक पंधरवड्यानंतरची बेरीज छापून पाहा. टर्बो सीवर तसे केले, तेव्हा आकडे असे आले: १२,६००, २५,७५०, उणे २७,३८६, उणे १५,४८६, उणे २,४३६ आणि ९,४६४. घोटाळा तिसऱ्या पावतीला झाला होता. तिथे खरी बेरीज ३८,१५० व्हायला हवी होती.

कारण समजायला सोपे आहे. मजुरीसाठी मी 'इंट' या प्रकारची जागा मागितली होती. टर्बो सीमध्ये ही जागा दोन बाइटची, म्हणजे १६ बिटची असते. तीत एकूण ६५,५३६ वेगवेगळे आकडे मावतात, पण त्यांतले निम्मे उणे बाजूचे; म्हणून अधिक बाजूला मर्यादा ३२,७६७ ची. जुन्या मोटारसायकलचे मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येते ना? तसेच हे मीटर ३२,७६७ नंतर थेट उणे ३२,७६८ वर जाते आणि तिथून पुन्हा वर चढू लागते. ७५,००० मधून ६५,५३६ वजा करा, बरोबर ९,४६४ उरतात. लिनक्सवरच्या जीसीसीत 'इंट' चार बाइटचा असल्याने २१४ कोटींच्याही पुढपर्यंतचा आकडा मावतो.

यात टर्बो सीचा दोष नाही. डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत बेल प्रयोगशाळेत सी भाषा घडवली आणि १९८९ मध्ये तिचे अमेरिकी प्रमाण ठरले. त्या प्रमाणात 'इंट'ची हमी ३२,७६७ पर्यंतचीच आहे. पुढचे ज्याच्या त्याच्या यंत्रावर सोडले आहे. पूर्वी पायली हे नाव सगळीकडे एक आणि माप ठिकठिकाणी वेगळे, असा प्रकार होता, त्यातलाच हा एक. माप न विचारता धान्य ओतले ते मी.

अशी चूक थोरामोठ्यांकडूनही झाली आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. आधीच्या एरियान ४ मध्ये नीट चाललेला प्रोग्रॅमचा भाग त्यात तसाच ठेवला होता. नव्या बाणाचा वेग अधिक, त्यामुळे एक मोठा आकडा १६ बिटच्या जागेत मावला नाही.

माझ्या प्रोग्रॅमची दुरुस्ती दोन शब्दांची निघाली. 'इंट'च्या जागी 'लाँग' लिहिले आणि छापण्याची खूणही तशी बदलली. पण 'लाँग'लाही सर्वत्र एकच माप नाही: ६४ बिटच्या विंडोजवर तो चार बाइटचा, तर ६४ बिटच्या लिनक्सवर आठ बाइटचा असतो. म्हणून १९९९ च्या प्रमाणात ज्यांच्या नावातच माप सांगितले आहे असे प्रकार आले. नव्या कंपायलरवर तेच वापरणे बरे.

ज्यांना असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी थोडे अनुभवाचे बोल. चुकांची यादी लांबलचक दिसली तरी घाबरू नये. पहिली चूक आधी दुरुस्त करावी, मागच्या पुष्कळशा तिच्याबरोबरच जातात. संदेशात ओळीचा क्रमांक असतो, तो पाहावा. फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरे लिनक्स वेगळी मानते, विंडोज सहसा मानत नाही. तेव्हा नाव जसे ठेवले तसेच लिहावे. आणि प्रोग्रॅम एकाच यंत्रावर चालला म्हणून तो बरोबर आहे असे धरू नये. दुसऱ्या यंत्रावरही चालवून पाहावा.

शेवटचा धडा मात्र कोणत्याही पुस्तकात मला मिळाला नव्हता. उत्तर उणे आले असते तर मी लगेच सावध झाले असते. ९,४६४ हा आकडा खऱ्यासारखा दिसत होता, म्हणून मी फसले. अण्णा फसले नाहीत, कारण प्रत्येक पंधरवडा त्यांच्या अंगावरून गेला होता.

यंदाही पावत्या माझ्याकडे येत आहेत. प्रत्येक पंधरवड्याची बेरीज प्रोग्रॅम आता वेगळी दाखवतो. पण आकडा वाचून दाखवण्यापूर्वी मी फोनवर अण्णांना त्यांचा अंदाज विचारते, आणि मगच यंत्राकडे पाहते.