रोहित थांबला, ते निष्ठेमुळे की गणितामुळे?

परवा पेंधरहून मेट्रोत बसलो. आम्ही तळोज्यातले तिघं मित्र, आणि बेलापूर येईपर्यंत एकच वाद. एक म्हणाला, "पाच ट्रॉफ्या दिल्या, तरी 2023च्या डिसेंबरमध्ये कॅप्टन्सी काढून हार्दिकला दिली. वर पैसेही कमी. रोहितने मुंबई इंडियन्स सोडायलाच हवी होती!"

थांबा, आधी हिशोब बघू. 2025च्या आयपीएलसाठी टीमची पर्स होती 120 कोटी. पाच आंतरराष्ट्रीय खेळाडू रिटेन केले, की त्यातले 75 कोटी जाणार. मुंबईने ते असे वाटले: बुमराह 18, सूर्या आणि हार्दिक प्रत्येकी 16.35, रोहित 16.30, तिलक 8. करा बेरीज, बरोबर 75! म्हणजे एकाला जास्त दिले की दुसऱ्याचे कमी होणारच. त्यात रोहित तोवर आंतरराष्ट्रीय टी-20मधून निवृत्त झाला होता.

पण रिटेन्शनला खेळाडूचा होकार लागतो. लिलावाचा रस्ता मोकळा होता. दिल्लीचा पंत त्या रस्त्याने गेला, लखनौने 27 कोटी मोजले. रोहितचं वय बघता तेवढे मिळालेच असते असं नाही, हेही खरं.

माझं मत सांगू? टीमने कॅप्टन बदलला तर तो 'प्लॅन', आणि खेळाडूने टीम बदलली तर 'गद्दारी', हे काही पटत नाही. रोहित राहिला, छानच. गेला असता, तरी आपलं काही देणं बुडवून गेला नसता.

तुम्ही त्याच्या जागी असतात तर? व्हॉइस नोट पाठवा!