डेटा सायन्स की अ‍ॅनालिटिक्स?



पदवी झालेली आपली मुलं-मुली हल्ली पुढच्या शिक्षणासाठी ही दोन नावं घेतात. फी लाखांत असते, म्हणून फरक आधी समजून घ्यावा.

आपल्या शेतकी खात्याकडे प्रत्येक प्लॉटची लागणीची तारीख, जात, क्षेत्र आणि तोडणीआधीचे ब्रिक्स यांची नोंद असते. त्यावरून कोणत्या गटात टोळी आधी घालावी म्हणजे साखर उतारा चांगला पडेल, हे काढणे आणि वरिष्ठांना पटवून देणे, हे झाले अ‍ॅनालिटिक्स. उपग्रहाच्या चित्रांवरून उभ्या उसाचे टनेज सांगणारी गणिती पद्धत मुळापासून बांधणे, हे डेटा सायन्स. पहिल्याला व्यवहाराची जाण हवी, दुसऱ्याला गणित आणि प्रोग्रॅमिंग पक्के हवे. संख्याशास्त्र दोघांनाही चुकत नाही.

खरी मेख पुढेच आहे. पाटीवरच्या नावावर जाऊ नका. जुन्याच कॉम्प्युटर कोर्सला नवे नाव दिलेलेही सापडते. माहितीपत्रकातली पेपरांची यादी मागा. संभाव्यता, रेषीय बीजगणित, रिग्रेशन हे विषय नुसते तोंडी लावण्यापुरते असतील, तर तो कोर्स कच्चा समजावा.

चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची डेटा सायन्सची एम.एस्सी. गणितावर भर देणारी आहे. बारावीनंतर गणित सोडलेल्याला ती जड जाईल. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, आय.आय.टी. खरगपूर आणि आय.आय.एम. कलकत्ता या तिघांनी मिळून २०१५ साली बिझनेस अ‍ॅनालिटिक्सचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. त्यात संख्याशास्त्र, संगणक आणि व्यवस्थापन तिन्ही येतात. प्रवेश परीक्षा मात्र चुरशीची. पोरगं बी.एस्सी. अ‍ॅग्री असेल, तर दिल्लीच्या भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेकडेही पाहावे. ही वाट आपल्याला परकी नाही. पीक कापणी प्रयोगांची शास्त्रीय नमुना पद्धत रुजवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा होता.

परदेशाचे म्हणाल, तर विलायतेत एम.एस्सी. बहुधा वर्षाची असते, अमेरिकेत साधारण दीड-दोन वर्षांची. वर्ष वाचले तरी नोकरी शोधायला सवडही तेवढीच कमी मिळते, हे कर्ज काढण्याआधी धरून चाला.

आणि नोकऱ्यांची जाहिरात. छापतात तो सर्वांत मोठा पगार, तो एखाद्याचाच. एकाने एकरी शंभर टन काढले म्हणून गावची सरासरी शंभर होत नाही. किती मुलं नोकरीला बसली, किती लागली आणि मधल्या मुलाला काय मिळाले, हे तीन आकडे लेखी मागावेत. शिवाय दोन वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलाशी फोनवर बोलून घ्यावे.